विहिरीचा राखणदार आणि त्याचा पगार

या व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो संप, बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आमचा विषय पत्रकात छापून आला तेव्हा युनियनमधल्या एका जुन्या सोबत्याने विचारले, "दादा, तेलविहिरींशी आपला काय संबंध? आपल्याकडे साध्या पाण्याच्या विहिरी आटल्या आहेत." प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर देताना एक जुनी हकीगत सांगावी लागली. तीच येथे आरंभी सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातले कामगार संघटित करीत होतो. तेथे पॉवर प्रेसवर बोटे जाण्याचे प्रकार वरचेवर घडत, कारण यंत्रापुढची जाळी काढून ठेवली की तासाला नग जास्त निघत. आम्ही अर्ज केले, अर्जांवर स्मरणपत्रे धाडली, आणि एके दिवशी सरकारी निरीक्षक आले. ते आले कारखान्याच्याच गाडीतून. खात्याची जीप महिनाभर दुरुस्तीला पडली होती आणि एवढ्या टापूत हिंडायला त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते. गाडी मागवायची म्हणजे आदल्या दिवशी निरोप जाणारच. रातोरात जाळ्या बसल्या, फरशी धुतली गेली, भिंतीला चुना लागला. निरीक्षक गृहस्थ प्रामाणिक होते. मालकाचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. पण जे त्यांच्यापुढे मांडून ठेवले होते तेच त्यांना दिसले. ते गेले, जाळ्या निघाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात एका कोवळ्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

तेव्हापासून आम्हांला एक खोड जडली आहे. सुरक्षेचा कोणताही कायदा हाती आला की पहिली पाने सोडून आम्ही पैशाचे कलम शोधतो. निरीक्षकाचा पगार कुठून येतो? त्याच्या गाडीत पेट्रोल कोण घालतो? आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे सगळे सार्वजनिक वाचनालयात झाले. शब्दकोश शेजारी ठेवून परदेशी अहवाल वाचताना असे ध्यानात आले की, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनिशी पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या तेलविहिरींसारखे दुसरे उदाहरण नाही. म्हणून आजचा विषय.

पेनसिल्व्हेनिया ही खनिज तेलाच्या धंद्याची जन्मभूमी म्हटली पाहिजे. टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक या गृहस्थाने भोक पाडायला घेतले. वरची माती ढासळून भोक बुजू लागले, तेव्हा त्याने लोखंडी नळी ठोकून तिच्या आतून खोदाई चालवली. २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर त्याची विहीर तेलाला लागली. तेलाचा पुढचा सगळा इतिहास त्या एका नळीतून वर आला आहे.

आता 'विहीर' म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पायऱ्यांची, रहाटाची विहीर उभी राहते. ते चित्र पुसून टाका. तेलविहीर म्हणजे आपल्या बोअरचाच थोरला भाऊ. तोंड वीतभर किंवा हातभर रुंदीचे आणि खोली हजारो फुटांची. जमिनीच्या पोटात थरावर थर असतात. वर गोडे पाणी, खाली खारे पाणी, कुठे वायूचा थर, कुठे तेलाचा. निसर्गाने हे थर दगडाच्या भिंतींनी एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. विहीर त्या सगळ्या भिंतींना एकाच सुईने भोक पाडते. म्हणून आत पोलादी नळी उतरवायची आणि नळी व खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरायचे. हे सिमेंट नीट भरले गेले की नाही यावर त्या गावच्या पिण्याच्या पाण्याचे भवितव्य ठरते. नळी गंजली किंवा सिमेंटला तडा गेला तर खालचा वायू वर चढतो, गोड्या पाण्यात मिसळतो आणि घराच्या तळघरात साठतो. त्याला रंग नाही, स्वतःचा वास नाही. ठिणगी पडेपर्यंत तो कळत नाही. याच राज्यातल्या डिमॉक नावाच्या खेड्यात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या वायूचा भडका उडाला आणि विहिरीवरचा काँक्रीटचा जाड तुकडा उडून बाजूला पडला. हाच वायू, म्हणजे मिथेन, हवेत मोकळा सुटला तर वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो, ही त्याची आणखी एक करणी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गिरणी बंद पडली की तिचे भोंगे थांबतात. कामगारांच्या घरी हाहाकार होतो, पण यंत्र निपचित पडते. तेलविहीर बंद पडली तर निपचित पडत नाही. तेल संपले तरी खालचा दाब, खारे पाणी आणि वायू तेथेच असतात, आणि नळी मात्र दर वर्षी जुनी होत जाते. तेव्हा उत्पादन थांबल्यावर ती ठराविक खोल्यांवर सिमेंट भरून शास्त्रशुद्ध बुजवावी लागते. या कामातून छदामाचे उत्पन्न नाही. विहिरीचे आयुष्य असे विचित्र आहे की कमाई सगळी तारुण्यात आणि खर्च सगळा म्हातारपणी. मालक तरुणपणी हजर असतो.

पेनसिल्व्हेनियात खोदाईला परवाना घ्यावा लागू लागला तो १९५६ पासून. ड्रेकच्या विहिरीला तोपर्यंत सत्त्याण्णव वर्षे झाली होती. या काळात कुणी कुठे किती भोके पाडली याचे दप्तर नाही. काहींत लाकडाचे ओंडके ठोकून, काहींत दगडगोटे टाकून लोक निघून गेले. दुसऱ्या महायुद्धात पोलादाला भाव आला तेव्हा कित्येक विहिरींच्या नळ्या उपसून भंगारात विकल्या गेल्या आणि भोके उघडीच राहिली. आज त्या राज्यात अशा हरवलेल्या विहिरी काही लाख असाव्यात असा सरकारी अंदाज आहे. नकाशावर मात्र त्यांतल्या थोड्याच आहेत. रानात, शेतात, घराच्या ओट्याखाली, शाळेच्या आवारात त्या सापडतात. मालक मेला, कंपनी बुडाली, कागद नाही. तिकडे त्यांना 'अनाथ विहिरी' म्हणतात. आम्ही त्यांना बेवारस म्हणू, कारण अनाथाला निदान आईबाप परिस्थितीने सोडून गेलेले असतात. येथे बहुतेक आईबाप पैसे मोजून घेऊन गेले.

१९८४ साली राज्याने तेल व वायूचा नवा कायदा केला. जुन्या विहिरींची नोंद, परवाना, तपासणी, बुजवण्याचे नियम असे सर्व त्यात आले. कायदा वाचून आमच्यासारख्याला समाधान वाटावे. मग पैशाचे कलम पाहिले. परवान्याची फी शंभर डॉलर, आणि ती पुढे पंचवीस वर्षे, २००९ पर्यंत, शंभर डॉलरच राहिली. या पंचवीस वर्षांत निरीक्षकाचा पगार वाढला असेल, पेट्रोल वाढले असेल. फी हलली नाही. कुणी मुद्दाम कट केला असे आमचे म्हणणे नाही. कायद्यात आकडा कोरून ठेवला की महागाईच तो कट पार पाडते. आपल्याकडे किमान वेतनाला महागाई भत्त्याची जोड मिळावी म्हणून चळवळीला किती झगडावे लागले, ते ज्यांना आठवते त्यांना हे समजावून सांगायला नको.

इतक्यात धंद्याचे रूप पालटले. २००४ च्या सुमारास 'मार्सेलस' नावाच्या खोलवरच्या पाषाणथरातून वायू काढण्याची नवी रीत या राज्यात आली. विहीर आधी खाली न्यायची, मग आडवी वळवून हजारो फूट थरातून चालवायची आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने घुसवून पाषाण तडकवायचा. वायूचा पूर लोटला. पेनसिल्व्हेनिया वायूच्या उत्पादनात टेक्सासच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. निरीक्षण करणारे खाते मात्र शंभर डॉलरच्या दिवसांत घडलेले. राज्याचे महालेखापरीक्षक यूजीन डीपास्क्वाले यांनी २०१४ साली या खात्याची झडती घेतली, तेव्हा मोठा आगडोंब विझवायला बागेतली पाण्याची नळी घेऊन निघालेल्या बंबवाल्यांशी त्यांनी खात्याची तुलना केली. खाते बेइमान आहे असे ते म्हणाले नाहीत. ते अपुरे आहे असे म्हणाले. आमच्या त्या निरीक्षकांची जीप आम्हांला येथे आठवली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि ती जरा सावकाश सांगायला हवी. हे खाते चालवायचा खर्च कुठून यायचा? सर्वसाधारण करांतून नव्हे, धंदेवाल्यांच्या फीमधून. वरवर पाहता हे न्यायाचेच दिसते. ज्याच्या धंद्यामुळे राखणदार ठेवावा लागतो, त्यानेच राखणदाराचा पगार द्यावा; गवळ्याच्या म्हशीचा कोंडवाडा गावाने का पोसावा? पण फी कशावर घेतात ते पाहा. ती घेतात परवान्यावर, म्हणजे विहीर जन्मताना एकदा. त्यानंतर तीस-चाळीस वर्षे निरीक्षकाने तिच्याकडे फेऱ्या घालायच्या, तक्रारी ऐकायच्या, पाणी तपासायचे आणि शेवटी बुजवताना हजर राहायचे, ते सगळे त्या पहिल्या दिवसाच्या फीवर.

युनियनच्या भाषेत सांगतो. समजा, एखाद्या संघटनेने मासिक वर्गणी रद्द केली आणि ठरवले की सगळा कारभार प्रवेश फीवर चालवायचा. पहिल्या दोन वर्षांत कारखान्यातले सगळे लोक सभासद होतील, पेटी भरेल, कार्यालयाला नवे कपाट येईल. तिसऱ्या वर्षी नवा सभासद उरणार नाही. सभासदांच्या तक्रारी मात्र तेव्हाच खऱ्या सुरू होतील: कुणाची बडतर्फी, कुणाची ग्रॅच्युइटी, कुणाचा अपघात. पेटी रिकामी आणि दारात रांग! असली संघटना दोन वर्षांत मोडेल हे शेंबडे पोरही सांगेल. पेनसिल्व्हेनियाच्या खात्याची रचना नेमकी अशी होती.

आकडे पाहा. नव्या पद्धतीच्या विहिरी २०११ साली तेथे सुमारे १,९६० खोदल्या गेल्या. २०१६ साली फक्त ५०४. वायूचा भाव कोसळला, खोदाई थांबली. उत्पादन मात्र थांबले नाही, कारण आधीच्या विहिरी चालूच होत्या. म्हणजे तपासायच्या विहिरींची संख्या दर वर्षी वाढत होती आणि तपासायचा पैसा दर वर्षी घटत होता. २०१४ साली फी ५,००० डॉलर केली होती, तीही पुरेना. खात्याची माणसे २२६ वरून १९० वर आली. कुणाला हाकलले नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत. ही युक्ती आपल्या नगरपालिकांना आणि एस.टी.लाही ठाऊक आहे.

शेवटी ऑगस्ट २०२० पासून फी १२,५०० डॉलर झाली. हा आकडा कसा आला? खात्याचा वर्षाचा खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. त्याला १२,५०० ने भागा. उत्तर दोन हजार. म्हणजे किरकोळ बाबी सोडल्या तर खात्याची चूल पेटती राहायला वर्षाला दोन हजार परवान्यांचे अर्ज यायला हवेत. त्याच २०२० साली प्रत्यक्ष खोदलेल्या विहिरी पाचशेच्याही आत होत्या. कंपन्या खोदण्यापूर्वी जादा परवाने घेऊन ठेवतात हे खरे. पण बारा हजार डॉलरची वस्तू कोण उगाच घेऊन ठेवील?

या रचनेत आणखी एक खोट आहे आणि आमच्या मते ती पैशाच्या तुटीहूनही वाईट आहे. परवाना कधी कधी नाकारायचा असतो. नाकारण्याचा अधिकार हाच त्या खात्याचा कणा. आणि ज्याचा पगार परवान्यावर, त्याला नकार म्हणजे स्वतःच्या ताटातली भाकरी परत करणे. माणसे सज्जन असतील आणि रोज भाकरी परत करतीलही. पण कायदा माणसांच्या सज्जनपणावर भार टाकून कधी करू नये.

मग पैसा नव्हता का? होता. वायू काढणाऱ्या मोठ्या राज्यांपैकी पेनसिल्व्हेनियानेच काढलेल्या मालावर कर बसवला नाही. त्याऐवजी २०१२ साली दर विहिरीवर वार्षिक 'आघात फी' बसवली. ती साधारण वर्षाला वीस कोटी डॉलरच्या आसपास जमते. तिच्यातला मोठा वाटा तालुके-गावांना, रस्त्यांना, पुलांना जातो. निरीक्षण करणाऱ्या खात्याला मिळतात ठरीव साठ लाख डॉलर. गावांना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण रस्ता दिसतो, पुलाचे उद्घाटन होते, नारळ फुटतो. न फुटलेल्या विहिरीचे उद्घाटन कुणी करीत नाही.

आता अनामत रकमेविषयी. विहीर बुजवल्याशिवाय मालक पळू नये म्हणून त्याच्याकडून जामीन म्हणून रक्कम ठेवून घेतात. १९८४ च्या कायद्याने जुन्या पद्धतीच्या विहिरीला ही रक्कम २,५०० डॉलर ठरवली, आणि एकाच मालकाच्या कितीही विहिरी असल्या तर सगळ्यांची मिळून २५,००० डॉलरची एकच अनामत चाले. ज्याच्या शंभर विहिरी त्याला एका विहिरीमागे अडीचशे डॉलर पडले. शिवाय १८ एप्रिल १९८५ पूर्वीच्या विहिरींना अनामतच माफ. सरकारी ठेक्याने एक विहीर बुजवायला तीस-चाळीस हजार डॉलर सहज लागतात, अवघड जागी लाखावर जातात. घर रिकामे करताना खोली मोडून टाकली तर लाखाचे नुकसान आणि डिपॉझिट अडीचशे रुपये, असा हा भाडेकरार. भाडेकरू काय करील हे मुंबईकरांना विचारायला नको.

ही रक्कम वाढवावी अशी मागणी झाली. २०२२ साली विधिमंडळाने एक कायदा केला आणि या जुन्या पद्धतीच्या विहिरींची अनामत वाढवण्याचा अधिकार नियामक मंडळाकडून दहा वर्षांसाठी काढून घेतला. दुसऱ्या हाताने, २०२१ च्या केंद्रीय कायद्यान्वये बेवारस विहिरी बुजवण्यासाठी देशभर मिळून ४७० कोटी डॉलर मंजूर झाले आणि त्यांतला मोठा वाटा पेनसिल्व्हेनियालाही लागू होता. म्हणजे बेवारस विहिरींचे क्रियाकर्म करदात्याने करायचे आणि उद्या बेवारस होणाऱ्यांना मोकळीक विधिमंडळाने द्यायची. छोटे विहीरवाले म्हणतात, अनामत वाढवली तर आमचा धंदा आजच बसेल आणि विहिरी आजच बेवारस होतील. यात तथ्य नाही असे नाही. दिवसाला पिंपभरही तेल न देणाऱ्या विहिरींवर पोट भरणारी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. छोट्या कारखानदाराची ही रड आम्ही वाटाघाटींच्या मेजावर खूप ऐकली आहे आणि कधी कधी ती खरी असते. पण तिचे उत्तर हप्त्याने अनामत भरून घेणे हे आहे. माफी हे नव्हे.

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांताने वेगळी वाट धरली. तेथे नियामकाचा खर्च उद्योगावरच्या वार्षिक पट्टीतून येतो. बेवारस विहिरींसाठी निराळी पट्टी. आमच्या भाषेत ही मासिक वर्गणी. तरीही भाव कोसळले तेव्हा कंपन्या बुडाल्या, आणि प्रश्न असा आला की बुडीत कंपनीची चांगली मालमत्ता विकून आधी बँकेचे कर्ज फेडायचे की आधी विहिरी बुजवायच्या? रेडवॉटर नावाच्या कंपनीच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१९ रोजी बहुमताने निकाल दिला: नको असलेल्या विहिरी वाऱ्यावर सोडून देता येणार नाहीत, त्यांची जबाबदारी आधी भागवली पाहिजे. आपल्याकडे गिरण्या बुडाल्या तेव्हा बँक आधी की कामगाराची देणी आधी, या वादात ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांनी हा निकाल जरूर मिळवून वाचावा.

पैशाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे राखणदार कुणाच्या घरात राहतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने समुद्रातल्या विहिरींसाठी १९८२ साली एक खाते काढले. कंपन्यांकडून रॉयल्टी वसूल करणे, त्यांना समुद्रातले पट्टे देणे आणि त्यांच्या सुरक्षेवर नजर ठेवणे ही तिन्ही कामे एकाच खात्याकडे. एका हाताने तिजोरी भरायची आणि दुसऱ्याने तोच नळ गरज पडल्यास बंद करायचा. मेक्सिकोच्या आखातात सुमारे तीन हजार ठिकाणे तपासायला साठाच्या आत निरीक्षक होते. त्यांतले काही कंपन्यांच्या पैशाने फुटबॉलचा सामना पाहायला गेल्याचे पुढे चौकशीत निघाले. २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तरत्या यंत्रावर विहीर उसळली, अकरा कामगार मेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत होते. त्यानंतर ते खाते मोडून वसुली, पट्टे आणि सुरक्षा यांची तीन वेगळी खाती केली. अकरा माणसे गेल्यावर सुचलेली ही वाटणी कुणाही जाणत्या हिशेबनिसाने १९८२ सालीच सांगितली असती.

ब्रिटनमध्ये ती खरोखर सांगितली गेली होती. १९८० साली तेथल्या बर्गॉइन समितीने समुद्रातल्या तेलक्षेत्राची सुरक्षा ऊर्जा खात्याकडेच, म्हणजे उत्पादन वाढवण्याची घाई असलेल्या खात्याकडेच, ठेवावी असे म्हटले. समितीतल्या दोन कामगार प्रतिनिधींनी भिन्नमतपत्रिका जोडली: हे काम स्वतंत्र सुरक्षा मंडळाकडे द्या. बहुमतापुढे ती पत्रिका कपाटात गेली. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' हा फलाट जळाला. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीला काढलेली होती. तो कागद रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही, आणि त्यांनी पंप चालू केला. १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या आणि सुरक्षेचे काम अखेर ऊर्जा खात्याकडून स्वतंत्र मंडळाकडे गेले. दोन कामगारांच्या कागदाला अकरा वर्षे लागली.

आपल्या दाराशी काय आहे? मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेथे तेल शोधले, १९७६ पासून ते वाहू लागले. २६ जुलै २००५ ला मुंबई पाण्यात बुडाली हे सगळ्यांना आठवते. दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झाले ते फारसे कुणाला आठवत नाही. 'समुद्र सुरक्षा' या मदतनौकेवरच्या एका आचाऱ्याची बोटे कापली. हवा वाईट म्हणून हेलिकॉप्टर मिळेना. त्याला उपचारासाठी फलाटावर चढवायला नौका जवळ आली, लाटेने ती वायूच्या उभ्या नळीवर आदळली आणि फलाट पेटला. दोन तासांत सगळे समुद्रात कोसळले. २२ माणसे गेली. ३६२ वाचली, ती वाचवणाऱ्यांच्या शर्थीमुळे. दोन बोटांची हकीगत येथेही आहे, पाहा.

त्यानंतर २००८ साली समुद्रातल्या तेलकामांच्या सुरक्षेचे नियम आले आणि अंमलबजावणी १९८६ साली स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे गेली. जमिनीवरच्या तेलखाणींची सुरक्षा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे राहिली. ते कामगार मंत्रालयाखाली. समुद्रावरचे संचालनालय मात्र पेट्रोलियम मंत्रालयाखाली, आणि मुंबई हाय चालवणारी सरकारी कंपनीही त्याच मंत्रालयाखाली. संचालनालयातले तज्ज्ञ बरेचसे तेलकंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. खर्च तेल उद्योग विकास मंडळाच्या अनुदानातून. ही माणसे जाणकार आहेत. तेलाचे काम त्यांच्याइतके कुणाला कळत नाही. पण परवा ज्या साहेबाच्या हाताखाली परत जायचे आहे, त्याचा फलाट आज बंद करायचा, हे ओझे त्यांच्यावर कुणी टाकले? लंडनच्या त्या दोन कामगारांनी १९८० साली विचारलेला प्रश्न मुंबईच्या समुद्रावर अजून तसाच उभा आहे.

शेवटी विहिरींच्या म्हातारपणाची तरतूद. १९९९ साली केंद्र सरकारने 'स्थळ पुनःस्थापन निधी'ची योजना आणली. कंपनीने उत्पादन चालू असतानाच स्टेट बँकेच्या वेगळ्या खात्यात पैसे ठेवायचे, त्यावर तिला आयकरात सूट, आणि ते पैसे विहिरी बुजवायला व फलाट उतरवायलाच वापरायचे. कमाईच्या काळात म्हातारपणाचे बाजूला काढणारी ही योजना पेनसिल्व्हेनियाच्या अडीचशे डॉलरपेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हिच्यात पाहायचे ते एकच: काम किती खर्चाचे याचा अंदाज आधी कंपनीच बांधते. तो अंदाज तपासणारा माणूस कुणाच्या पगारावर आहे, कुणाच्या हेलिकॉप्टरमधून फलाटावर जातो आणि आदल्या दिवशी तेथे निरोप जातो की नाही, हे प्रश्न खासदारांना पत्र लिहून विचारता येतात. माहितीच्या अधिकारातही विचारता येतात. अर्जाची फी दहा रुपये.